आत्मशोधाचा दाखला कशासाठी?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या सुशिक्षित समाजात एका मताने असे बस्तान बसविले आहे, की त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य एक तर अडाणी ठरतो, नाहीतर हटवादी. ते मत असे: प्रत्येक मनुष्याच्या जीवनाचे प्रयोजन त्याच्या अंतरंगात आधीच लिहून ठेवलेले असते, ते वाचण्याच्या काही पद्धती आहेत, त्या पद्धतींनी प्रथम स्वतःचा प्रकार, स्वतःचा अंक, स्वतःचा कल निश्चित करून घ्यावा आणि तो निश्चित झाल्यावर मगच जगाला काय द्यायचे याचा विचार करावा, कारण आपण कोण आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याने इतरांसाठी केलेले काम निष्फळ तर होतेच, वर ते त्याला स्वतःलाही पोखरून टाकते. हे मत मी बोईसरच्या मंगल कार्यालयांत भरणाऱ्या शिबिरांत ऐकले आहे, पालघरच्या पालकसभांत ऐकले आहे, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रशिक्षणवर्गांना जाऊन आलेल्या नोकरदारांच्या तोंडून ऐकले आहे. आणि प्रत्येक वेळी मनस्वी संताप आला आहे, कारण ज्या भूमीवर उभे राहून हे मत सांगितले जाते, त्या भूमीचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास त्याच्या नेमका विरुद्ध साक्ष देतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे मी मुद्दाम दुबळे करून मांडणार नाही. त्याचे समर्थक पुष्कळदा सद्हेतूचे असतात. नोकरीत जीव रमत नाही, घरात मन लागत नाही, आपल्या असण्याने कोणाचे काही अडते असे वाटत नाही, अशा अवस्थेतल्या माणसाला ते सांगतात की तुझा दोष नाही, तू फक्त स्वतःला ओळखलेले नाहीस. मग त्याच्यापुढे पद्धतींचा पट मांडला जातो. कोणी मनुष्यजातीचे सोळा प्रकार सांगतो, कोणी नऊ. कोणी जन्मवेळेवरून ह्यूमन डिझाइनची आकृती काढून देतो. कोणी नावाच्या अक्षरांची बेरीज करतो. कोणी मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन त्याने पुढे अभियंता व्हावे की गायक, याचा पंचवीस-तीस पानांचा अहवाल आईबापांच्या हाती ठेवतो. आणि कोणी इकिगाईची चार वर्तुळे काढून त्यांच्या मधल्या जागेत तुझे सार्थक आहे असे सांगतो. या साऱ्यांच्या शेवटी एक आश्वासन समान असते: एकदा स्वतःचा शोध लागला की समाजाला द्यायचे दान आपोआप हाताशी येईल.

पहिला प्रश्न या पद्धतींच्या प्रामाण्याचा. सोळा प्रकारांची चाचणी कार्ल युंगच्या 1921 सालच्या ग्रंथाच्या आधाराने कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची कन्या इझाबेल मायर्स यांनी रचली. या दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, आणि थोड्या आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली असता पुष्कळांचा प्रकार बदलतो, हे मानसशास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिले आहे. जे प्रयोजन जन्मजात आणि अढळ म्हणून सांगितले जाते, ते महिन्या-दीड महिन्यात पालटते कसे? ह्यूमन डिझाइनच्या प्रवर्तकाचा दावा असा, की 1987 साली स्पेनच्या इबिझा बेटावर एका अदृश्य वाणीने ही सारी विद्या त्याला सांगितली; तिच्यात चिनी ग्रंथ, यहुदी गूढविद्या, आपली चक्रे आणि फलज्योतिष यांचे मिश्रण आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली जाहीरपणे सांगितले. ठशांच्या रेषा गर्भातच, चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास कायम होतात. त्या रेषांत मुलाची कुवत आणि कल वाचता येतो, याला पुरावा कोणता?

अंगठ्याच्या ठशाचा विषय निघालाच आहे तर या पालघर जिल्ह्यापुरते एक सांगणे प्राप्त आहे. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत अंगठ्याच्या ठशाने एकेकाळी खरोखरच माणसाचे भवितव्य ठरत असे. सावकाराच्या दस्तऐवजावर वारल्याने अंगठा उठविला की त्याची जमीन गेली; लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबायला बांधली गेली की त्यांना लग्नगडी म्हणत. त्या ठशाखाली लिहिलेला मजकूर अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हता. आज ज्या अहवालावर मुलाचे ठसे असतात, त्यातला मजकूर आईबापांना वाचता येतो. परंतु तो कशाच्या आधारे लिहिला हे विचारण्याचे बळ त्यांना येत नाही, आणि अशा अहवालाच्या भरवशावर आठ वर्षांच्या मुलाचे गाणे बंद होते, नाहीतर गणित सुटते. याला मी क्षुल्लक प्रमाद मानायला तयार नाही.

यावर उत्तर असे येते की वर्णन तंतोतंत जुळते, हा अनुभव खोटा कसा म्हणावा? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर याने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांची एक व्यक्तिमत्त्व-चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक खासगी वर्णन दिले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले, तेव्हा सरासरी 4.26 गुण पडले. ते वर्णन सर्वांना एकच दिलेले होते, आणि त्यातली बहुतेक वाक्ये बाजारातल्या एका फलज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. तुम्ही वरवर धीट दिसता पण आतून साशंक असता, तुमच्यात अजून न वापरलेली शक्ती आहे, असे सांगितले तर कोणाला पटणार नाही? जुळण्याचा हा अनुभव खरा असतो, हे मी नाकारीत नाही. त्यावरून वर्णन खरे ठरते, हे मात्र मुळीच मान्य नाही.

येथे समर्थक एक पाऊल मागे घेतात. शास्त्र राहू द्या, म्हणतात. मनुष्य निदान स्वतःचा विचार तरी करू लागतो, त्यात कोणाचे काय बिघडते? बिघडते, आणि ते मी जवळून पाहिले आहे. तारापूरच्या वसाहतीत नोकरी करणारा एक तरुण अभियंता माझ्या परिचयाचा. पाळी संपली की आंघोळ करून तो कंत्राटी कामगारांच्या एका चाळीत जाई आणि तिथल्या मुलांना शिकवी. मुले उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, ओडिशातली. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. पत्र्याच्या खोलीपुढच्या ओट्यावर पोते अंथरलेले, कारखान्यातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे चौकोन कापून त्यांवर हाताने काढलेली बाराखडी, आणि एका मुलीने ‘ळ’ हे अक्षर नीट उच्चारावे म्हणून हा तिच्यापुढे बसून स्वतःची जीभ टाळूला लावून दाखवीत आहे, हे दृश्य मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. पुढे त्याने दोन दिवसांचे एक शिबिर केले. अहवालात आले की त्याचा पिंड निरीक्षकाचा, एकांतात चिंतन करणाऱ्याचा. मुलांत मिसळून शिकविण्याचे काम त्याच्या प्रकृतीला प्रतिकूल, त्याने आधी आपले खरे प्रयोजन शोधावे. त्याने वर्ग बंद केला. मी विचारले तेव्हा त्याने अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले की मी आजवर स्वतःशी प्रतारणा करीत होतो. ‘ळ’ म्हणायला शिकणाऱ्या मुलीचे काय झाले, हा प्रश्न त्या अहवालाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हता. या पद्धतींवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे, की त्या माणसाच्या मर्यादेला सनद देतात. काल जे काम अवघड म्हणून टाळावेसे वाटत होते, ते आज प्रकृतीविरुद्ध म्हणून टाळता येते, आणि टाळणाऱ्याला वर आत्मज्ञानाचे समाधानही लाभते.

आता मुख्य सिद्धान्ताकडे येतो: आधी आत्मशोध, नंतर दान. हा क्रम सांगणाऱ्यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर एकदा जाऊन यावे.

1945 साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे एक शिबिर भरले होते. तिथे पुण्याच्या हुजूरपागा शाळेतल्या एका शिक्षिकेची आणि बालशिक्षणात आधीच नाव मिळविलेल्या ताराबाई मोडकांची गाठ पडली. शिक्षिका पस्तीस वर्षांच्या होत्या. तेराव्या वर्षी विवाह झाला होता, सहा महिन्यांत वैधव्य आले होते. नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेत शिकून त्या मॅट्रिक झाल्या होत्या. पुण्यात स्थिर नोकरी, प्रतिष्ठित शाळा, ओळखीची माणसे असा सगळा जम बसलेला होता. ताराबाईंना बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू करायचे होते आणि त्यासाठी कोणीतरी हवे होते. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर निघाल्या. आदिवासी मुलांत काम करण्याचा अनुभव त्यांना नव्हता, बालशिक्षणाची विशेष पदवी नव्हती, आणि आपला पिंड या कामाला अनुकूल आहे की प्रतिकूल, हे त्यांना कळण्याचा काही मार्गही नव्हता. त्यांच्यापुढे काम आले, एका ज्येष्ठ बाईने हाक मारली आणि त्यांनी ओ दिली. 1957 साली त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र बोर्डीहून कोसबाडला आले. 1973 साली ताराबाई गेल्या. त्यानंतरही 1992 साली अखेरचा श्वास घेईपर्यंत अनुताई कोसबाडच्याच राहिल्या. मधल्या काळात, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बी. ए. झाल्या. शिक्षणशास्त्रातला त्यांचा अधिकार पुढे देशाने मानला. हा अधिकार, ही कुवत, मुलांत रमण्याची ही प्रकृती त्यांना आधी सापडली आणि मग त्या बोर्डीला गेल्या, असे कोणी सिद्ध करून दाखवील काय? त्या बोर्डीला गेल्या म्हणूनच त्या अनुताई वाघ झाल्या.

आणि त्या काळी स्वरूप ओळखून देणाऱ्या पद्धती नव्हत्या, असेही नाही. होत्याच, आणि आजच्या सोळा किंवा नऊ प्रकारांपेक्षा कितीतरी कडक होत्या. कोण कोणत्या जातीत जन्मला, कोणाच्या पत्रिकेत काय आहे, कोणाचा गण कोणता, कोण सुवासिनी आणि कोण विधवा, यावरून मनुष्य कोण आहे आणि त्याने काय करावे याचा निवाडा समाजाकडे तयार असे. त्या निवाड्यानुसार अनुताईंचे प्रयोजन तेराव्या वर्षीच ठरून चुकले होते: घराच्या एका कोपऱ्यात आयुष्य काढायचे. वारली मनुष्याचे प्रयोजनही ठरलेले होते: वेठीला जायचे. मनुष्याला एका प्रकारात बसवून त्यावरून त्याचे कर्तव्य ठरविण्याचा अनुभव या देशाइतका दुसऱ्या कोणाच्या गाठी असेल? त्या खोड्यातून बाहेर पडायला आपल्याला शतके लागली, लाखो जणांना अजून पडायचे आहे. आणि आपण त्याच विचाराला नवी परिभाषा देऊन, शुल्क भरून, आनंदाने पुन्हा घरात घ्यावा काय? मनुष्य स्वखुशीने स्वीकारतो म्हणून खोड्याचे लाकूड बदलत नाही.

दुसरा युक्तिवाद असा की आवड आणि काम यांचा मेळ बसला नाही तर सेवा करणारा थकतो, आटतो, मोडून पडतो. थकतो हे खरे. पण थकवा येतो म्हणून त्या कामाचा अर्थ नष्ट होतो, हे कोणी ठरविले? गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर, गोखले घराण्यातल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या आजीव महिला सभासद. पुढे त्या किसान सभेच्या कामात उतरल्या आणि 1945 साली डहाणू-उंबरगावच्या पाड्यांतून पायी हिंडल्या. 23 मे 1945 रोजी झरी येथे जमलेल्या वारल्यांनी वेठ करणार नाही अशी शपथ घेतली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन जेठ्या गांगडासह पाच जण ठार झाले. नंतरची कितीतरी वर्षे तुरुंग, भूमिगत राहणे, हद्दपारी यांत गेली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक 1970 साली निघाले, त्याला 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि त्यात जागा होणारा माणूस कोण, हे शीर्षकावरूनच समजते. स्वतःच्या अंतरंगाचे पापुद्रे सोलीत बसलेली ती बाई नव्हती. तिच्यापुढे वेठीला जुंपलेला दुसरा माणूस होता, तो जागा होत गेला, आणि त्याच्याबरोबर तीही. तसेच 1942 च्या 14 ऑगस्टला पालघरच्या मामलेदार कचेरीवर चालून गेलेल्या जमावातले जे पाच जण गोळीबारात पडले, ते सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड अशा आसपासच्या गावांतले नि पालघरातले साधे तरुण होते. हौतात्म्य आपल्या प्रकृतीला मानवते किंवा नाही, याची त्यांनी आधी खातरजमा करून घ्यायला हवी होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

तिसरा युक्तिवाद आपल्या परंपरेचा हवाला देतो. आत्मज्ञान हे तर भारतीय संस्कृतीचे सार, मग आत्मशोधाला विरोध करणारे तुम्ही कोण, असा त्याचा रोख. परंपरेच्या नावावर असे खपविणे हा परंपरेचा उपमर्द आहे. संतांनी ज्या आत्मज्ञानाचा ध्यास घेतला, त्यात ‘मी’ लहान होत होत नाहीसा व्हावा अशी अपेक्षा होती. येथे त्याच ‘मी’चे पंचवीस पानी वर्णन छापून, त्याचे गुणावगुण रंगीत तक्त्यांत मांडून, त्याला अधिक ठळक केले जाते. तुकोबांच्या चरित्रात सांगतात की दुष्काळानंतर त्यांनी वडिलोपार्जित सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. देणेकऱ्यांची मुक्तता झाली; आणि तुकोबांच्या आत्मशोधाचा विचार करणाऱ्याला त्या बुडविलेल्या खतांना वगळून पुढे जाता येत नाही. जपानी इकिगाईविषयीही असेच. आज जी चार वर्तुळांची आकृती दाखवितात, ती मूळची एका स्पॅनिश ज्योतिष्याची. 2014 साली एका इंग्रज गृहस्थाने तिच्या मधोमध जपानी शब्द घातला आणि ती जगभर फिरली. त्या जपानी कल्पनेचा गंभीर विचार मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1966 सालच्या आपल्या ग्रंथात केला, आणि तो त्यांना सुचला नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णांच्या सहवासात. सर्वस्व गेलेल्या रुग्णांत कोणी जगण्याला अर्थ आहे असे म्हणतो आणि कोणी म्हणत नाही, हे असे का, हा त्यांचा प्रश्न होता. कुष्ठरुग्णालय गळून गेले आणि चार वर्तुळे तेवढी आपल्या हाती आली. हा व्यवहार संस्कृतीच्या नावाने चालू द्यावा काय?

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मी मुद्दामच मागे ठेवला. तो असा, की स्वतःला न ओळखणारा सेवक आपला अहंकार, आपली अपूर्ण इच्छा, आपले अधिकारप्रेम सेवेच्या मिषाने दुसऱ्यावर लादतो. हा धोका खरा आहे, आणि समाजकार्याच्या क्षेत्रात त्याची उदाहरणे विपुल आहेत. परंतु या रोगावरचे औषध शिबिरात मिळते, हे मात्र मला मान्य नाही. ते ज्याची सेवा करायची त्याच्याजवळ असते, कारण नकार देण्याची शक्ती त्याच्याजवळ असते. ताराबाईंचेच उदाहरण पाहावे. राजकोटला महिलांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर काम केलेल्या, गिजुभाई बधेकांच्या सहकारी म्हणून भावनगरला माँटेसोरी पद्धती आत्मसात केलेल्या, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत असलेल्या, दादरला शिशुविहार उभारलेल्या ताराबाई बोर्डीला आल्या त्या एक परिपूर्ण पद्धती घेऊन. ती पद्धती खरोखरच शास्त्रशुद्ध होती; मनुष्याचे मूल कसे वाढते याचे सूक्ष्म निरीक्षण तिच्यामागे होते. तरीही पाड्यावरचे मूल शाळेत येईना. ते का यावे? त्याला गुरे राखायची होती, धाकटे भावंड कडेवर होते, घरात खायला नव्हते. ताराबाई आणि अनुताई यांनी तेव्हा मुलाचा प्रकार काढला नाही आणि स्वतःचाही काढला नाही. त्यांनी शाळा उचलून मुलाच्या अंगणात नेली, आणि तिला अंगणवाडी हे नाव पडले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात जाऊन कुरणशाळा भरविली. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर काढले, म्हणजे थोरल्या बहिणीची कड मोकळी झाली. माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, पाने, खडे, बांबूचे तुकडे यांनी मुले मोजायला, रंग ओळखायला शिकली. शिक्षिकांनी मुलांना आंघोळ घातली, नखे कापली, केस विंचरले, आणि मगच अक्षराकडे वळल्या. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

पद्धती चांगली असूनही ती मुलासमोर नमली, आणि नमल्यामुळेच कामाला आली, हे या हकिकतीतले मर्म आहे. ताराबाईंच्या विद्वत्तेचा अहंकार झाला असता तर तो मोडायला पाड्यावरच्या मुलाची गैरहजेरी पुरेशी होती. कोणत्या अहवालात असे सामर्थ्य आहे? अहवाल माणसाला नकार देत नाही. तो त्याच्याच उत्तरांची जुळणी करून त्याला परत देतो. जो आपल्याला अडवू शकत नाही, त्याच्यापासून आपल्याविषयी नवे काय कळणार?

शासनानेही या विचाराला थोडाबहुत आश्रय दिला आहे. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत मुलाचा कल कोठे आहे हे त्यात सांगितले जाई. मुलाला दिशा मिळावी हा हेतू होता, आणि बोटांच्या ठशांच्या व्यापाराशी तिची तुलना मी करणार नाही. पण मोखाड्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीच्या हाती आरोग्यक्षेत्राचा कल आला, तर पुढे तिने काय करायचे? जवळचे विज्ञान महाविद्यालय, वसतिगृह, शिकवणीचे पैसे, वेळेवर येणारी एसटी, यांचा कल कोणी तपासला काय? 1992 साली जव्हारजवळच्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा तिथे आत्मज्ञानाची तूट नव्हती. धान्य, दवाखाना आणि रस्ता यांची होती. समाजाच्या कर्तव्याचा प्रश्न व्यक्तीच्या स्वभावाचा प्रश्न म्हणून मांडला, की कर्तव्य चुकविणाऱ्याची सहीसलामत सुटका होते, आणि भरपाईची जबाबदारी त्या मुलीच्या अंतर्मनावर येऊन पडते.

तारापूर-बोईसरच्या वसाहतीत तर हे रोज डोळ्यांपुढे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली काढलेल्या प्रदूषणाच्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुण मिळवून देशात सर्वांत वर होते. नवापूर-दांडीच्या आणि मुरबे-खारेकुरणच्या खाड्यांत कारखान्यांचे रासायनिक पाणी उतरून मासळी मरू लागली, तेव्हा अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जाळी ओढणाऱ्या, मासळी सुकविणाऱ्या, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या समाजाने दाव्याची कागदपत्रे गोळा केली, पाण्याच्या तपासणीचे अहवाल मिळविले, तारखांना खेपा घातल्या. कोर्टकज्जे करणे ही कोणाची जन्मजात आवड असते काय? खाडी मेली म्हणून ती आवड अंगी आणावी लागली, आणि ज्यांनी आणली ते आज त्या किनाऱ्यावरचे जाणते लोक आहेत. याच वसाहतीतल्या वातानुकूलित सभागृहात मात्र कर्मचाऱ्याला सांगितले जाते, की तुझ्या अस्वस्थतेचे मूळ तुझ्या प्रकारात आहे. त्या सभागृहापासून खाडी किती अंतरावर आहे? आणि त्या अस्वस्थतेत खाडीचा काहीच वाटा नसेल, असे समजायचे कशाच्या आधारे?

मग मनुष्याने आरंभ कोठून करावा, असे मला विचारतात. आरंभ कोठूनही करता येतो. वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीला तिच्यावर हक्क सांगता येतो, आणि तरीही या जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांत असे लोक भेटतात की ज्यांचा दावा फेटाळला गेला, किंवा मागितली त्यापेक्षा कितीतरी कमी जमीन पदरात पडली, आणि कशामुळे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. अशा माणसाशेजारी बसून जुनी दंडाची पावती, वडीलधाऱ्यांचे जबाब, जागेचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव हे एकेक कागद लावणे, अपिलाचा अर्ज लिहिणे, त्याच्याबरोबर प्रांत कचेरीत जाऊन उभे राहणे, कारकुनाने उद्या या म्हटल्यावर उद्या पुन्हा जाणे, यासाठी कोणता पिंड लागतो? वाचता-लिहिता येणे आणि दिलेला दिवस पाळणे एवढेच लागते. संयम आहे की नाही, लोकांत मिसळता येते की नाही, अन्यायाची चीड किती खोल आहे, आपण खरोखर कोणासाठी झटतो आणि किती दिवसांनी कंटाळतो, हे तिसऱ्या-चौथ्या खेपेला, कचेरीच्या बाकावर, बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याच्या देखत, ज्याचे त्याला कळतेच. आणि जे कळते ते कोणत्याही अहवालातल्यासारखे सुखद नसते. त्या चाळीच्या ओट्यावरचा वर्गही अजून बंद आहे. मुले तिथेच राहतात, आणि त्यांना शिकवायला येणाऱ्याला त्याचा प्रकार विचारणारे तिथे कोणी नाही.